ग्रेलिंग ट्राउटचा वैरी नाही

लिव्हरपूलला शिकणारा माझा भाचा जानेवारीत दोन दिवसांसाठी आमच्याकडे आला, तो मोबाइलवर वेल्सच्या नद्यांतल्या ग्रेलिंग आणि ट्राउट या माशांबद्दलची एक चित्रफीत घेऊनच. इंग्लंड-वेल्समधल्या मराठी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून ती हिवाळाभर फिरते आहे आणि मला ती तीन वेगवेगळ्या घरांतून आली होती. पण घरातल्याच मुलाने "मामा, आपण उद्या डी नदीवर जाऊन ग्रेलिंग मारू या, ते पुण्याचंच काम आहे" असे म्हटल्यावर गप्प राहणे मला शक्य झाले नाही. चित्रफितीतला माणूस पाच गोष्टी सांगतो: वेल्सच्या नदीत गळ टाकायला परवाना लागत नाही, ग्रेलिंगला बंदीचा काळ नाही, ग्रेलिंग ट्राउटची अंडी खाऊन ट्राउट संपवतो, म्हणून दिसेल तो मारून काठावर टाकावा, माशाला वेदना होत नाहीत, आणि फ्लायवर, म्हणजे गळाला बांधलेल्या नकली माशीवर, लागलेला मासा सोडून दिला की त्याला काहीच होत नाही.

परवान्याचा मुद्दा आधी संपवतो. इंग्लंड आणि वेल्सला लागू असलेला १९७५ चा सॅमन व गोड्या पाण्यातील मत्स्यव्यवसाय कायदा स्पष्ट आहे: तेरा वर्षे किंवा त्याहून मोठ्या प्रत्येकाला गळाच्या काठीचा परवाना लागतो आणि तो नसेल तर अडीच हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांना तो विनामूल्य मिळतो, एवढाच त्या दाव्यातला खरा भाग. शिवाय परवाना म्हणजे काठावर उतरण्याची मुभा नव्हे. नदीच्या त्या टप्प्यावरचे मासेमारीचे हक्क जमीनमालकाचे किंवा स्थानिक क्लबचे असतात आणि त्यांची परवानगी वेगळी काढावी लागते.

बंदीच्या काळाबद्दल चित्रफितीत जे सांगितले आहे, ते अर्धवट वाचनातून आलेले दिसते. वेल्सच्या नद्यांवर ट्राउटचा हंगाम ३ मार्च ते ३० सप्टेंबर असतो. त्यानंतर लोक थंडीभर ग्रेलिंगच्या मागे असतात, हे खरे आहे. पण कायदा ग्रेलिंगची गणना ट्राउटबरोबर न करता इतर गोड्या पाण्यातल्या माशांबरोबर करतो, आणि त्यामुळे नदीवर १५ मार्च ते १५ जून त्याला हात लावता येत नाही. हा काळ तेव्हाच का, हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज पडू नये. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै होड्या किनाऱ्यावर का ओढलेल्या असतात, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ग्रेलिंग वसंतात वितो एवढे सांगितले की पुरे.

आता तिसरा मुद्दा, ज्यासाठी मी हे लिहायला बसलो. ग्रेलिंग ट्राउटची अंडी खातो का? खातो. हे मला मान्य करावेच लागेल. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये विणाऱ्या ट्राउटच्या मागे, प्रवाहाच्या खालच्या अंगाला ग्रेलिंग उभे असलेले दिसतात आणि वाहून आलेले अंडे ते टिपतात. दक्षिण इंग्लंडमधल्या टेस्ट नावाच्या नदीसारख्या नद्यांवर नदीरक्षक वर्षानुवर्षे जाळी लावून ग्रेलिंग काढून टाकत असत, तेही याच समजुतीतून. पण अंडी कुठली, हा प्रश्न कुणी विचारतच नाही. ट्राउटची मादी शेपटीने खडीत खळगा करते, त्यात अंडी सोडते आणि वरच्या बाजूची खडी उडवून ती झाकून टाकते. ती अंडी वीतभर खडीखाली गेलेली असतात. ग्रेलिंगचे तोंड लहान आणि खालच्या बाजूला झुकलेले असते. तळावरची आळी, गोगलगाय, पाणकिड्याची पिल्ले टिपण्यासाठी ते घडले आहे, वीतभर खडी उकरण्यासाठी नव्हे. त्याच्या तोंडी लागते ते खळग्यात न बसलेले, प्रवाहाबरोबर सुटलेले अंडे, आणि तसे अंडे फुटून पिल्लू निघण्याची आशा जवळजवळ नसतेच. तेच अंडे ट्राउटही खातो. मोठा ट्राउट तर ट्राउटची पिल्लेही खातो. मग त्यालाही मारून काठावर टाकायचे का?

"मारून काठावर टाका" हे शब्द ऐकले तेव्हा माझा संयम सुटला, हे मी लपवत नाही. खाण्यासाठी मासा मारण्याला माझा विरोध नाही. मी मासे खाणाऱ्या घरातला आहे. पण ज्याला खायचे नाही, विकायचे नाही, त्याला केवळ ऐकीव वैरापोटी मारून कुजू द्यायचे, आणि ते पुण्याचे काम म्हणून शिकायला आलेल्या मुलांना शिकवायचे, याला माझ्याकडे दुसरा शब्द नाही, हा अधर्म आहे. ग्रेलिंग ट्राउट-सॅमनच्याच कुळातला आहे. पाठीवरच्या आणि शेपटीच्या परांमधला तो बारीकसा मांसल पर दोघांनाही असतो. हातात धरलेला ग्रेलिंग ज्याने एकदा नीट पाहिला आहे, त्याला मी काय म्हणतो ते कळेल: जुन्या कथलासारखी कूस, तिच्यावर जांभळट झाक, नासपतीच्या आकाराची डोळ्यातली बाहुली, आणि उभारला की शिडासारखा दिसणारा, तांबड्या पट्ट्यांचा पाठीवरचा पर. गढूळ, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात तो टिकत नाही. तो दिसेनासा झाला तर ट्राउटने सुटकेचा श्वास घ्यावा असे काही घडलेले नसते. नदी बिघडलेली असते.

आणि त्या चित्रफितीत ट्राउटच्या अंड्यांचे खरे नुकसान डोळ्यांदेखत चाललेले आहे. तो माणूस हिवाळ्यात, गुडघाभर पाण्यात, खडीच्या उथळ पट्ट्यावरून आडवातिडवा चालतो आहे. भाच्याला मी दुसऱ्या दिवशी डीकाठच्या लँगोलन गावाच्या वरच्या अंगाला घेऊन गेलो, पण काठी घरी ठेवून. काठावरूनच एक जागा दाखवली: सगळा तळ शेवाळाने तपकिरी, आणि मध्येच सुपाएवढा फिकट, धुऊन ठेवल्यासारखा तुकडा, वरच्या अंगाला किंचित खोलगट, खालच्या अंगाला उंचवटा. अंडी त्या उंचवट्याखाली असतात. पाच अंश सेल्सिअस पाण्यात ती फुटून पिल्ले निघायला जवळजवळ तीन महिने लागतात, आणि त्यानंतरही पिल्ले काही आठवडे खडीतच राहतात. वेडर, म्हणजे पाण्यात उतरायचा उंच रबरी बूट, घातलेला एक पाय त्या उंचवट्यावर पडला की ग्रेलिंग जन्मभर खाणार नाही इतकी अंडी एका दमात चिरडतात. वर उल्लेख केलेला १९७५ चा कायदा विणारे मासे, त्यांची अंडी आणि ती असलेला तळ जाणूनबुजून विस्कटणे हा गुन्हा मानतो. गळाला गाबोळी लावणेसुद्धा त्याने बंद केलेले आहे. ट्राउटच्या अंड्यांची इतकी काळजी असेल, तर आधी हा कायदा वाचावा आणि हिवाळ्यात शक्यतो काठावरून फ्लाय टाकावी.

उरलेले बरेचसे नुकसान शेतातून येते. वेल्समधल्या नऊ संरक्षित नद्यांच्या पाण्याबद्दल तिथल्या नैसर्गिक संसाधन खात्याने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात साठ टक्क्यांहून अधिक जलखंड खते आणि सांडपाण्यातून येणाऱ्या फॉस्फरसच्या मर्यादेत बसले नाहीत. डी ही त्या नऊंपैकी एक. पावसाबरोबर वाहून येणारा गाळ खडीच्या फटी बुजवतो आणि अंडी आतल्या आत गुदमरतात. ग्रेलिंगचा यात काही संबंध नाही.

वेदनेबद्दल थोडक्यात. २००३ मध्ये जीवशास्त्रज्ञ लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउटच्या डोक्यावरील ५८ संवेदनबिंदू तपासले आणि त्यांतले २२ इजा ओळखणारे असल्याचे दाखवले. ओठात दाहक द्रव्य टोचलेले मासे अंग डोलवत होते आणि ओठ खडीवर घासत होते. या वागण्याला आपल्यासारखी वेदना म्हणावे का, याबद्दल शास्त्रज्ञांत वाद आहे, आणि तो मी मिटवू शकत नाही. पण "काहीच होत नाही" असे छातीठोक सांगण्याचा अधिकार त्यानंतर कुणाला उरलेला नाही, गळ टाकणाऱ्या मला तर मुळीच नाही.

म्हणूनच पाचवा दावाही अर्धाच खरा आहे. पीस, लोकर आणि दोरा बांधून केलेली फ्लाय मासा सहसा गिळत नाही, गळ बहुधा ओठातच लागतो, त्यामुळे सोडलेला मासा जगण्याची शक्यता चांगली असते, पण ती आपल्या हातांवर अवलंबून असते. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकलेला असावा. मासा चित्रफितीतल्यासारखा कोरड्या रुमालात धरू नये, त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचे संरक्षण असते. हात आधी ओले करावेत आणि छायाचित्रासाठी त्याला हवेत लटकवू नये. ग्रेलिंग झुंजताना फार दमतो, सोडला की बाजूला कलंडतो. त्याला तोंड प्रवाहाकडे करून पाण्यातच अलगद धरावे आणि तो स्वतः शेपूट मारून निघेपर्यंत थांबावे. कधी त्याला मिनिटभर लागते, कधी पाच. ट्राउटच्या हंगामात पाणी वीस अंशांच्या जवळ गेले की मी काठी उघडत नाही.

भाच्याने परवाना काढला आहे. फेब्रुवारीत, क्लबची दिवसाची परवानगी घेऊन, आम्ही डीकाठच्याच कॉर्वेन गावाच्या खालच्या एका खोल टप्प्यावर जाणार आहोत, जिथे काठावरूनच फ्लाय टाकता येते आणि पाण्यात पाय घालावा लागत नाही.