उल्हास नदीचे पाणी किती वाजता येणार, हे कोणी सांगायचे?

२०२१ च्या २२ जुलैला पहाटे पावणेतीन वाजता बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात राहणाऱ्या माझ्या ताईला फोन आला, तो नेरळच्या दूधवाल्याचा. हा गृहस्थ वर्षानुवर्षे पहाटेच्या लोकलने किटल्या घेऊन बदलापूरला येत असे आणि ताईच्या इमारतीत रतीब घालत असे. "ताई, आमच्याकडे नदी पुलाला लागलीय. आज मी येत नाही. तुम्ही खालचं सामान वर घ्या," एवढेच तो बोलला. ताई आणि भाऊजी तळमजल्यावर राहतात. त्यांनी गॅसची टाकी, कागदपत्रांची पेटी, गव्हाचा डबा आणि शिलाई यंत्र पहिल्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे पोहोचवले, खालच्या चार बिऱ्हाडांना उठवले, आणि भाऊजींनी स्कूटर चढावर नेऊन लावली. उजाडले तेव्हा पाणी फाटकातून आत येत होते. नंतर ते घरात कमरेपर्यंत चढले. त्याची तपकिरी रेघ भिंतीवर अजून आहे. दोनदा रंग दिला, तरी पावसाळा आला की ती ओल धरते आणि पुन्हा दिसू लागते.

मी स्वतः पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता म्हणून नोकरी केली आणि आता कळव्यात निवृत्तीचे दिवस घालवतो आहे, त्यामुळे सरकारी यंत्रणेला झोडपणे हा या पोस्टचा हेतू नाही. पुराच्या रात्री वायरलेसपाशी बसून राहणारी माणसे मी पाहिली आहेत. तरीही त्या रात्री ताईला जे तीन-चार तास मिळाले ते एका दूधवाल्याने दिले, कोणत्याही नियंत्रण कक्षाने नव्हे, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. असे का झाले याचा मी बराच विचार केला आहे, आणि माझे मत असे बनले आहे की आपल्याकडे पुराची माहिती कमी नाही. ती नदीच्या प्रवाहाप्रमाणे पुढे सरकत नाही, जिल्ह्याच्या हद्दीपाशी अडते.

उल्हास नदी राजमाची-लोणावळ्याच्या डोंगरांत उगम पावते, कर्जत आणि नेरळ या रायगड जिल्ह्यातल्या भागातून वाहत येते, वांगणीच्या अलीकडे ठाणे जिल्ह्यात शिरते, बदलापूर, उल्हासनगर, कल्याण अशी खाली उतरते आणि शेवटी वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते, जिथे एका काठाला ठाणे आणि दुसऱ्या काठाला पालघर जिल्हा आहे. पाऊस पडतो तो कर्जतच्या वरच्या घाटमाथ्यावर आणि पाणी शिरते ते बदलापूरच्या वालिवलीत, हेंद्रेपाड्यात, पुढे कांबा, वरप, म्हारळ या गावांत. आता हवामान खात्याचे इशारे पाहा. पिवळा, नारिंगी, लाल हे रंग जिल्ह्याजिल्ह्याला दिले जातात. पुणे, सातारा अशा जिल्ह्यांसाठी घाटाचा भाग वेगळा दाखवण्याची चांगली पद्धत आली आहे, पण तो इशारा पावसाचा असतो. रायगडला लाल रंग लागला की बदलापूरकराने आपले सामान वर घ्यायचे असते, हे त्या नकाशात कुठेच लिहिलेले नसते. ते दूधवाल्याला ठाऊक होते, कारण तो रोज त्या हद्दीच्या आरपार ये-जा करत होता.

ताईचा फोन आल्यावर त्या पहाटे मी एका नियंत्रण कक्षाला फोन लावला. उचलणारा मुलगा नम्र होता. नेरळच्या पुलापाशी पातळी किती आहे असे विचारल्यावर तो म्हणाला, "सर, ते रायगडमध्ये येतं, तुम्ही तिकडे विचारा." तिकडचा नंबर अर्धा तास व्यस्त लागत होता, आणि ते साहजिक होते, कारण त्या वेळी कर्जतमध्येच पाणी भरले होते. त्या मुलाची काहीही चूक नव्हती. त्याच्यासमोर जो तक्ता होता तो त्याच्या जिल्ह्याचा होता. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ प्रमाणे जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, १०७७ हा मदतीचा क्रमांक जिल्ह्याचा असतो, आराखडा जिल्ह्याचा असतो. दरड कोसळली, इमारत पडली, आग लागली, तर ही रचना उत्तम चालते. पूर मात्र वरच्या जिल्ह्यात सुरू होतो आणि खालच्या जिल्ह्यात संपतो.

पातळी मोजण्याच्या कामाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण बाहेरच्यांना ते फारसे ठाऊक नसते. पुलाच्या खांबावर किंवा काठावर मीटर आणि सेंटिमीटरच्या खुणा रंगवलेली पट्टी असते, तिला आम्ही गेज म्हणतो. आता बऱ्याच ठिकाणी स्वयंचलित यंत्रे आली आहेत, पण माझ्या सुरुवातीच्या नोकरीत रात्री दर तासाला एक माणूस विजेरी घेऊन काठावर जात असे. पुराचे पाणी संथ नसते, ते पट्टीवर वरखाली आदळते, त्यामुळे लाटेचा माथा आणि तळ पाहून मधला आकडा घ्यायचा. नोंद पेन्सिलने करायची, कारण शाई भिजली की पान वाया जाते. आमचा एक वृद्ध गेज वाचक आकडा लिहिण्याआधी मिनिटभर नुसता पाण्याकडे पाहत उभा राहायचा, आणि मग "साहेब, अजून चढतंय, रंग गढूळ आहे, वरून येतंय," असे सांगायचा. आकड्याशेजारी त्याचे हे वाक्य लिहायला वहीत रकाना नव्हता.

बदलापूरला उल्हासची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोक्याची पातळी १७.५० मीटर धरली जाते, आणि हे आकडे आता मोबाईलवर फिरतात, हे चांगलेच आहे. पण बदलापूरची पट्टी बदलापूरचे सांगते, आणि तीही पाणी तिथे पोहोचल्यावर. हेंद्रेपाड्यातल्या माणसाला उपयोगी पडतो तो आकडा कर्जतचा आणि नेरळचा, तोही काही तास आधी, आणि त्याला जोडून कोणीतरी जबाबदारीने केलेला हिशेब की अमुक वाजेपर्यंत पाणी तमुक ठिकाणी येईल. धरणांच्या विसर्गाचे संदेश तर याहून अवघड असतात. "इतके हजार क्युसेक विसर्ग सुरू, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे" या वाक्यावर माझा जुना राग आहे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. हे माझ्यासारख्याला कळते, पण ताईने त्यातून काय समजायचे? सतर्क राहायचे म्हणजे गाडी हलवायची, की म्हाताऱ्या सासूबाईंना हलवायचे, की नुसते जागे राहायचे?

धरणांची मालकी पाहिली की गुंता आणखी वाढतो. बारवी धरण एमआयडीसीचे. त्यात पाणी ७२.६० मीटरला पोहोचले की दरवाजे आपोआप उघडतात. भातसा जलसंपदा विभागाचे, त्याचे पिण्याचे पाणी मुख्यतः मुंबईला जाते, आणि ती नदी काळूला मिळून पुढे उल्हासमध्ये येते. तानसा आणि मोडकसागर मुंबई महापालिकेचे, पण ती भरून वाहिली की काळजी शहापूर, वाडा आणि वसईच्या बाजूच्या गावांना. मोरबे नवी मुंबई महापालिकेचे, आणि आहे रायगडच्या खालापूर तालुक्यात. शिवाय घाटावरच्या ठोकळवाडी धरणाचे पाणी भिवपुरीच्या वीजकेंद्रातून उल्हासमध्ये उतरते, म्हणजे पुणे जिल्हाही या गोष्टीत आहे. यातला प्रत्येक जण आपापले पत्र वेळेवर पाठवतो असे गृहीत धरले, तरी ही सगळी पत्रे एका टेबलावर ठेवून त्यांची बेरीज करणारा माणूस कोण?

त्या बेरजेत भरतीही धरावी लागते. कल्याणच्या रेतीबंदरला आणि गोविंदवाडीला पाणी किती वेळ राहणार हे निम्मे खाडीवर ठरते. नवी मुंबईकरांना हे वेगळे सांगायला नको, कारण सिडकोने धारण तलाव बांधले तेच मुळी भरतीच्या वेळी शहराचे पाणी थोपवून ओहोटीला सोडण्यासाठी. मात्र नदीच्या इशाऱ्यात भरतीची वेळ सहसा नसते आणि भरतीच्या तक्त्यात नदी नसते.

२०१९ च्या २७ जुलैला बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि सुमारे १०५० प्रवाशांना बोटींनी सुखरूप बाहेर काढले. एनडीआरएफ, नौदल, स्थानिक गावकरी या सगळ्यांनी केलेले ते काम खरोखर मोठे होते, आणि दिवसभर टीव्हीवर त्याचे कौतुक झाले. ते चालू असताना मला एकच प्रश्न छळत होता: गाडी पुढे निघाली त्या वेळी वरच्या अंगाला नदी किती चढली आहे हे रेल्वेच्या माणसाला सांगणे हे नेमके कोणाचे काम होते? सुटकेची तालीम आपण वरचेवर करतो. हा निरोप देण्याची तालीम मी तरी कधी पाहिलेली नाही.

मदतीच्या बाजूलाही हेच आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला, आणि आमच्या कळव्याच्या काही मित्रांनी एक टेम्पो भरून सामान नेले. शिरोलीपाशी महामार्ग पाण्याखाली होता, त्यामुळे आम्ही दोन दिवस वाटेत काढले, आणि शेवटी जिथपर्यंत रस्ता होता तिथे सामान उतरवले. त्या गावात आमच्या आधी अकरा गाड्या येऊन गेल्या होत्या. शाळेच्या एका वर्गात छतापर्यंत जुने कपडे साचले होते, बाहेर पावसात बिस्किटांची खोकी भिजत होती, आणि तिथल्या मुख्याध्यापिका बाईंनी हात जोडून सांगितले, "दादा, झाडू, ब्लिचिंग पावडर आणि बायकांसाठी पॅड आणले असतील तर द्या, बाकीचं पुढच्या गावाला न्या." पुढच्या गावाला बोटीशिवाय जाता येत नव्हते. आम्ही टेम्पोत काय आणले होते ते सांगायला मला आजही लाज वाटते.

उल्हासच्या पुरात गरज आणखी वेगळी असते. इथे पाणी कृष्णेसारखे आठवडाभर ठाण मांडत नाही, बहुधा दिवसभरात उतरते. पण नदीकाठचे पंपघरच बुडते, त्यामुळे पूर ओसरल्यावर बदलापूर-अंबरनाथच्या लोकांना सगळ्यात आधी प्यायला पाणी नसते. त्या वेळी तांदूळ नको असतो, टँकर हवा असतो, आणि टँकर असतात ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली अशा वेगवेगळ्या महापालिकांकडे. कपडे आणि भांड्यांच्या मदतीसाठी घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली असावे, ही जुन्या निकषांतली अट २०१९ मध्ये गाजली होती. शासन वेळोवेळी वेगळा आदेश काढून ती शिथिल करते, पण ताईच्या घरासारख्या ठिकाणी ती मुळातच लागू पडत नाही. बारा तासांत गादी, फ्रिज आणि धान्य जायचे ते जातेच. पंचनाम्याला आलेल्या तलाठीबाईंनी भिंतीवरची रेघ पाहिली, मोबाईलवर फोटो काढला आणि हळूच विचारले, "पाणी किती वेळ होतं म्हणून लिहू?"

माझी सूचना एकच आहे आणि ती नव्या इमारतीची नाही. रायगड, ठाणे, पालघर हे तिन्ही जिल्हे कोकण विभागीय आयुक्तांच्या अखत्यारीत येतात, आणि ते कार्यालय सीबीडी बेलापूरला कोकण भवनात आहे. पावसाचे तालुकावार आकडे तिथे रोज जमा होतातच. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी तिथे नदीवार टेबल असावे: उल्हासचे एक, वैतरणेचे एक, पाताळगंगेचे एक. उल्हासच्या टेबलावर बसणाऱ्याने कर्जतपासून खाडीपर्यंतची पातळी, बारवी आणि भातसाचा विसर्ग, भरतीची वेळ हे एकत्र पाहावे आणि त्याच्या सहीने तिन्ही जिल्ह्यांना, रेल्वेला आणि नगरपालिकांना एकच संदेश जावा, ज्यात गावाचे नाव आणि घड्याळातली वेळ असेल. पूर ओसरल्यावर त्याच टेबलावर कोणत्या गावाला काय पोहोचले आणि काय नको आहे याची एकच नोंदवही असावी, म्हणजे आमच्यासारखे टेम्पोवाले निघण्याआधी फोन करतील.

माझे जुने सहकारी यावर दोन आक्षेप घेतात. पहिला असा की वेळ सांगितली आणि पाणी आले नाही, तर लोक शिव्या देतील आणि पुढच्या वेळी हलणार नाहीत. हे खरे आहे, आणि म्हणूनच "पहाटे पाच ते सातच्या दरम्यान" असा अंदाज सांगावा. तो चुकला तर का चुकला हेही दुसऱ्या दिवशी सांगावे. ताई म्हणते, सामान दोनदा फुकट वर नेले तरी चालेल, तिसऱ्यांदा बुडायला नको. दुसरा आक्षेप अधिकाराचा आहे: धरण एमआयडीसीचे असताना बेलापूरच्या माणसाने विसर्गाबद्दल काय बोलायचे? त्याने दरवाजे उघडायचे किंवा बंद करायचे नाहीतच, त्याने फक्त वेळेत बोलायचे आहे. पण आपल्या व्यवस्थेत निर्णय घेण्यापेक्षा बोलण्याची परवानगी मिळणे अधिक कठीण असते, हे नोकरीत राहिलेल्या कोणालाही पटेल.

२०२१ मध्ये ठाणे महापालिकेचे टीडीआरएफ हे आपत्ती प्रतिसाद पथक महाड आणि चिपळूणला गेले, म्हणजे हद्द ओलांडून माणसे पाठवणे आपल्याला जमते. आकडा पाठवणे का जमू नये, याचे पटणारे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

तो दूधवाला दीड वर्षापूर्वी धंदा बंद करून मुलाकडे पनवेलला राहायला गेला. ताईच्या फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर त्याचा नंबर अजून आहे, त्यापुढे तिने नुसते "पाणी" असे लिहिले आहे. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर तिने मला विचारले की नेरळमध्ये नदीकाठी राहणारे दुसरे कोणी ओळखीचे मिळेल का. कोणाच्या ओळखीत असेल, तर कृपया मला मेसेंजरवर कळवा.