त्या गुलाबी पेशीभोवतीची पोकळी

गुडघेदुखीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फोटो सारखा फिरत असतो. निळ्या पोकळीत बसलेली गुलाबी पेशी, आणि खाली मजकूर: 'कूर्चा म्हणजे हाडांमधलं निर्जीव रबर. कोलॅजन पावडरने ते जिवंत कसं होतं, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहा. पेशी स्वतःभोवतीची पोकळी भरून काढतेय!' अशा फोटोंसाठी नमुने कापण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी ते 'निर्जीव रबर'. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत, चेतातंतू नाहीत, हे खरं. मोठ्या माणसाच्या सांध्यातल्या कूर्चेत पेशींनी व्यापलेली जागाही अगदी थोडी, दोनेक टक्के. पण म्हणून ती मेलेली? त्या पेशीचा छेद पाहा. आंतर्द्रव्यजालिकेचे पदर एकावर एक, त्यांना चिकटलेले रायबोसोमचे काळे ठिपके, शेजारी गॉल्जी पिंड, ग्लायकोजेनचे दाणे. प्रथिनं बनवून बाहेर धाडणारी पेशी अशीच दिसते. तंतुकणिका, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारे भाग, त्या मानाने कमी, कारण इथे ऑक्सिजन तुटपुंजा आणि पेशी बरीचशी ऊर्जा त्याच्याविनाच मिळवते. तिचं पोषण मुख्यतः सांध्यातल्या वंगणातून झिरपत येतं.

रंगांबद्दल एवढंच, की इलेक्ट्रॉनच्या चित्राला रंग नसतो. ते करड्या छटांचं असतं. निळा-गुलाबी नंतर कॉम्प्युटरवर भरतात.

'भरून काढतेय' हा शब्द मात्र मला सगळ्यात खटकतो. फोटोतली पेशी काहीच करत नसते. ती आधी ग्लुटाराल्डिहाइडमध्ये स्थिर केलेली, म्हणजे मारलेली असते. मग ऑस्मियम या जड धातूचं द्रावण, मग अल्कोहोलने पाणी काढणं, मग रेझिनमध्ये घट्ट बसवणं. शेवटी हिऱ्याच्या सुरीने सुमारे ७० नॅनोमीटरचा काप. तो सुरीला लागून असलेल्या पाण्यावर तरंगतो. चंदेरी चमकला तर जाडी बरोबर, सोनेरी दिसला तर जाड झाला. त्यानंतर तो मायक्रोस्कोपमधल्या निर्वातात जातो.

आणि ती पोकळी? ती बहुतेक वेळा आमच्याच हातून झालेली असते. पाणी काढताना पेशी आणि तिच्याभोवतीचं पाण्याने फुगलेलं द्रव्य आक्रसतं, मध्ये फट पडते. १९८०च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी हे नमुने रुथेनियमचा क्षार वापरून स्थिर केले, प्रचंड दाबाखाली झटकन गोठवूनही पाहिले. तेव्हा पेशीचं आवरण भोवतालच्या द्रव्याला चिकटलेलं दिसलं. म्हणजे नमुना नीट जपला तर पावडरीचा कणही न घेता पोकळी 'भरते'.

आता कोलॅजन, म्हणजे कूर्चेतलं तंतुमय प्रथिन. खाल्लेलं कोलॅजन आतड्यात अमिनो आम्लं आणि छोट्या पेप्टाइडांमध्ये मोडतं, अख्खा तंतू गुडघ्यात जाऊन बसत नाही. शिवाय १९५०-६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेत वाढलेल्या कार्बन-१४चा माग काढून डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं, की गुडघ्याच्या कूर्चेतलं कोलॅजन वाढीच्या वयात तयार होतं आणि पुढे जवळजवळ बदलतच नाही, सांधा झिजलेला असला तरी. पेशी डागडुजी करते ती प्रामुख्याने कोलॅजनच्या जाळीत पाणी धरून ठेवणाऱ्या प्रोटिओग्लायकनची.

पावडरीने कुणाचं दुखणं कमी होतं का, हा वेगळा प्रश्न आहे. त्यासाठी पावडर घेणारे आणि न घेणारे असे माणसांचे दोन गट ताडून पाहावे लागतात. एका पेशीच्या ७० नॅनोमीटरच्या कापात ते उत्तर नाही.