चहा आणि गुंतवळ

बाईचे केस गळायला लागले की ते सगळ्यात आधी तिलाच कळतं, हा एक गैरसमज आहे. आधी कळतं केर काढणाऱ्या मावशींना. "ताई, झाडूला काय गुंडाळलंय बघा," म्हणत त्यांनी माझ्या केसांचा बोळा हॉलच्या मधोमध उंच धरला. समोर सासूबाई होत्या, शेजारच्या काकू होत्या आणि माझ्या हातात चहाचा कप होता. तो नसता तर पुढचं बरंच टळलं असतं.

"चहा!" दोघी एका सुरात म्हणाल्या.

आपल्याकडे चहा हा कायमचा आरोपी आहे. लहानपणी चहा मागितला की काळी होशील म्हणायचे, मोठेपणी पित्त, आणि आता केस. काकूंच्या मते माझ्या अंगात उष्णता झाली होती आणि ती डोक्यातून बाहेर पडताना केस घेऊन चालली होती. सासूबाईंना वेगळीच हळहळ. त्यांच्या काळी गुंतवळ साठवून ठेवायचे, दारावर केसांवर भांडी देणारी बाई यायची. बोळ्याकडे बघून त्या मनापासून म्हणाल्या, "एवढ्यात एक पातेलं आलं असतं गं."

दिवाळी तोंडावर होती. अभ्यंगस्नानाच्या दिवशी मोरीची जाळी तुंबली आणि प्रकरण कुटुंबाच्या ग्रुपवर गेलं. मग सल्ले सुरू झाले. माका, जास्वंद, कांद्याचा रस, वडाच्या पारंब्या. आमच्या सोसायटीत वड नाही, ही माझी त्यातल्या त्यात सुटका.

जाऊबाईंचा सल्ला मात्र आधुनिक होता. "चहा बंद कर आणि डोक्याला कॉफी लाव." म्हणजे तेच कॅफीन पोटात गेलं की वैरी, टाळूवर चोळलं की वैद्य! याला विज्ञानाचा आधार आहे, असं त्या ठासून म्हणाल्या. आहे, थोडासा. जर्मनीत जेना विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ साली टक्कल पडत असलेल्या पुरुषांच्या टाळूवरून काढलेली केसांची मुळं प्रयोगशाळेत कॅफीनमध्ये ठेवली, तेव्हा ती अधिक वाढली. पण ती मुळं बशीत होती, डोक्यावर नव्हती. पुढे ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने २०१८ साली एका कॅफीनवाल्या शाम्पूची जाहिरात अडवली, कारण केसगळती कमी होते हा दावा कंपनीला पुराव्यानिशी पटवून देता आला नाही. हे सगळं मी नंतर वाचलं. तोवर माटुंग्याहून आणलेली ताजी फिल्टर कॉफी पावडर दह्यात कालवून माझ्या डोक्यावर वाळत होती.

ती पावडर विरघळत नाही. तीन पाण्यांनी धुतलं तरी भांगात बारीक कण राहतात, आणि मान हलवली की खांद्यावर पडतात. ऑफिसात शेजारच्या टेबलावरचीने बराच वेळ निरखून विचारलं, "कोंडा तपकिरी कसा गं?" शिवाय दिवसभर माझ्या डोक्याला उडप्याच्या हॉटेलाचा वास येत होता आणि प्यायला मात्र कोमट पाणी.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी केसांआधी कॅलेंडर विचारलं. "तीनेक महिन्यांपूर्वी काही आजारपण?" श्रावणात डेंग्यू झाला होता. "मग बरोबर," त्या म्हणाल्या. डोक्यावर साधारण लाखभर केस, रोज पन्नास ते शंभर जाणारच. मोठा ताप, बाळंतपण किंवा उपासमारीचं डाएट झालं की पुष्कळशी मुळं एकदम रजेवर जातात आणि दोन-तीन महिन्यांनी ते केस घाऊक गळतात. (भाचीने लग्नाआधी नुसती काकडी खाऊन वजन उतरवलं होतं, तिचा अंबाडा लग्नानंतर का बसेना, ते मला तिथे बसल्या बसल्या कळलं.) मैत्रिणीने केसांसाठी दिलेल्या बायोटिन या व्हिटॅमिनच्या गोळ्या रक्त तपासायच्या आधी थांबवायला लावल्या, त्यांनी थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

रिपोर्टमध्ये फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तळाला गेलेला.

"चहाने केस गळतात का हो?" मी धीर करून विचारलं.

"चहाने थेट नाही. पण तुम्ही पिता कधी?"

"जेवल्यावर."

"जेवल्यावर किती वेळाने?"

"ताकभाताच्या पाठोपाठ."

तिथे मी सापडले. चहातलं टॅनिन पालेभाजी, डाळ, नाचणी यांतल्या लोहाला धरून बसतं आणि ते अंगी लागू देत नाही. लिंबू उलट मदत करतं. म्हणून चहा प्या, पण जेवणानंतर तासभर थांबून. घरी मी यातला फक्त "चहा प्या" एवढाच भाग मोठ्याने सांगितला.

तो तास काय असतो ते ऑफिसात जेवणाऱ्यांनाच कळेल. आमचे डबे एकला उघडतात आणि दीडला चहावाला येतो, दुसरी फेरी थेट चारला. सगळे कटिंग घेऊन गप्पा मारतात आणि मी माझा ग्लास बशीने झाकून घड्याळाकडे बघत बसते. अडीच वाजता साय बाजूला करून तो मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचा. कॅफीन तेवढंच राहतं, चहा राहत नाही.

लोहाच्या गोळ्यांच्या जोडीला सासूबाईंनी अळिवाचे लाडू केले. यात मात्र आजी आणि डॉक्टर एका पंगतीत बसतात, अळिवात लोह भरपूर. लाडू भराभर संपले. माझे केस शाबूत होते तेव्हाच टक्कल पडलेल्या माझ्या नवऱ्याने त्यातले निम्मे खाल्ले. त्याचं टक्कल वडिलोपार्जित, डीएचटी नावाच्या हार्मोनचं काम. त्यात ना चहाचा दोष, ना अळिवाचा इलाज. हे समजावलं तर म्हणाला, "बघू की, जातंय काय."

जातात लाडू.

केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. त्यामुळे फेब्रुवारीत कपाळाच्या कडेने नवे केस आले ते बोटभर, आणि बोटभर केस खाली बसत नाहीत. तेल लावा, पाणी लावा, पिना लावा, ते सावधानमध्ये उभेच. परवा लोकलमध्ये रोजच्या डब्यातल्या वहिनींनी मला नीट न्याहाळलं आणि काळजीने हातावर हात ठेवला. "झोप होत नाही का गं? केस बघ कसे उभे राहिलेत. चहा कमी कर."