एक नंबर

आमची पिठाची चक्की आहे. गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर तुम्ही मोबाइलवर शोधाल आणि माझी इज्जत किती उरली आहे ते तुम्हाला दशांश चिन्हासकट कळेल.

हे दशांश चिन्ह माझ्या आयुष्यात मागच्या दिवाळीला शिरलं. पुतण्या पुण्याहून आला होता. तो तिथं काय काम करतो हे मी तीनदा विचारलं आहे, तिन्ही वेळा त्यानं नीट समजावून सांगितलं आहे. बसून करतो एवढं मला कळलं. तर तो चक्कीवर आला, पिठानं पांढरे झालेले वासे पाहिले, पट्ट्याची खटखट ऐकली आणि म्हणाला, "काका, आपली चक्की मॅपवर नाही."

"गावात साऱ्यायले ठाऊक हाय ना," मी म्हटलं.

"अहो, जगाला कळायला पाहिजे."

जग ज्वारीचा डबा डोक्यावर घेऊन दारव्ह्याच्या फाट्यावर उतरतंय असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं, पण पोरगं हौसेनं करतंय म्हणून गप्प बसलो. त्यानं एक फोटो काढला. त्यात मी पाठमोरा, पोत्यावर वाकलेला. नकाशात कुठेतरी टाचणी टोचली. तासाभरात चक्कीला चार जणांनी पाच-पाच स्टार दिले. एक तो स्वतः. बाकी तिघं त्याच्या खोलीवरचे मित्र. पीठ हे पुड्यातच पिकतं असं मानणारी ही पोरं. त्यातल्या एकानं लिहिलं होतं, 'स्टाफ अतिशय नम्र आहे.' स्टाफ म्हणजे मी. बायकोनं ते मोठ्यानं वाचलं, मग मनात वाचलं, आणि म्हणाली, "दुसऱ्या कोन्या चक्कीचं तं नाई ना हे?"

चार जण, चौघांचे पाच. सरासरी 5.0. पुढचे आठ दिवस मी उगाच धुतलेला सदरा घालून दळलं.

नवव्या दिवशी एक स्टार पडला. माणूस आमच्या गावचा नव्हता. मोटरसायकलवरून जाता जाता थांबला असावा. त्यानं लिहिलं होतं, 'मशीन बंद. मालक बाजेवर झोपलेला.' दोन्ही गोष्टी खऱ्या. लाइन गेली होती. लाइन गेल्यावर चक्कीवाल्यानं काय करावं अशी त्याची अपेक्षा होती, जातं घेऊन बसावं? माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं ही चक्की चालवली आणि लाइन गेली की ते याच बाजेवर झोपायचे. त्यांच्या झोपेला कोणी गुण दिले नाहीत. माझी एक डुलकी मात्र 0.8 ला पडली. सरासरी 4.2.

आता 4.2 काही वाईट नाही, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणत होतो. पण आमच्या फ्रीजची गोष्ट मला ठाऊक होती. उन्हाळ्यात फ्रीज बंद पडला तेव्हा कंपनीचा मेकॅनिक आला. तासभर मागचं झाकण उघडून बसला, दोन चहा घेतले, 'पार्ट मागवावा लागेल' म्हणाला आणि निघताना हात जोडून उभा राहिला. "काका, तुम्हाला मेसेज येईल. पाच स्टार द्या. चार दिले तरी वर विचारणा होते." फ्रीज बंदच होता. आत आंबाडीची भाजी आंबून गेली होती. पण समोर एक पोरगा उन्हातून तीस किलोमीटर आलेला, हात जोडून. दिले पाच. पार्ट अजून यायचा आहे. म्हणजे त्या कंपनीच्या कागदावर आमचा फ्रीज चालू आहे आणि मी समाधानी आहे.

त्या फ्रीजला दारावर जन्मतःच पाच स्टार आहेत, ते वेगळे. विजेच्या बचतीचे हे स्टार 2006 पासून सुरू झाले. त्यांचे निकष मधूनमधून कडक होतात, म्हणून स्टिकरवर साल छापलेलं असतं. तेव्हाचा पाचवाला आज तपासला तर पाचवर राहायचा नाही. मला हा प्रकार आवडला, निदान वय तरी धरतात. बाकी आमच्या गावात लाइन ज्या हिशेबानं जाते, त्या हिशेबानं इथले सगळेच फ्रीज पाच स्टार आहेत.

बँकेतही हेच. चक्कीला नवी मोटर घ्यायची म्हणून कर्ज विचारायला गेलो, तर साहेबांनी माझ्याकडे न पाहता संगणकाकडे पाहिलं आणि माझा सिबिल स्कोअर सांगितला. हा स्कोअर 300 पासून 900 पर्यंत असतो. 300 पासून का, हे मला कोणी सांगितलेलं नाही. काही न करता 300 पदरात पडतात हे ऐकून आधी बरं वाटलं, शाळेत अशी सोय असती तर मी चक्कीवर नसतो. मग हिशेब केला. 900 पैकी 300 म्हणजे 33 टक्के. दहावीत दोन टक्क्यांनी नापास.

पण खरं सांगायचं तर आमच्या गावाला रेटिंग नवं नाही. पुतण्याच्या कितीतरी आधीपासून अख्ख्या गावाच्या पिकाला मिळून एक रेटिंग मिळतं. त्याला पैसेवारी म्हणतात. पूर्वी आणेवारी होती. 1957 मध्ये आणे जाऊन नवे पैसे आले, तरी आमची म्हातारी माणसं आणेवारीच म्हणतात, कारण सोळा आणे पीक म्हटलं की डोळ्यांपुढे कापसानं पांढरं झालेलं वावर येतं. शंभर पैसे पीक म्हटलं की काहीच येत नाही. सप्टेंबरात आधी नजरअंदाज पैसेवारी निघते. नजरअंदाज म्हणजे नजरेनंच. मग सुधारित, आणि डिसेंबरअखेर अंतिम. मधे कुठेतरी दहा मीटर बाय दहा मीटरचा तुकडा आखून पीक कापून, वजन करून पाहतात. गाव 50 पैशांच्या खाली आलं की शेतसाऱ्यात सूट, पंपाच्या बिलात सूट, पोरांची परीक्षा फी माफ, असा वर्षानुवर्षांचा हिशेब. वर राहिलं तर तुमचं पीक चांगलं आहे, तुम्हाला दिसत नसलं तरी.

एका वर्षी आमचं गाव पन्नासच्या जरासंच वर राहिलं. सोयाबीनच्या शेंगा पावसानं झाडावरच काळ्या पडल्या होत्या. आबाजी तेव्हा पारावर म्हणाले होते, "गाडीतून उतरलेच नाई ना ते. धुऱ्यावरचं गवत हिरवंगार होतं, तेच पिकात धरलं." त्यामुळे कमी गुण मिळावेत म्हणून अख्ख्या गावानं मारुतीला नारळ फोडल्याचं मी पाहिलं आहे. ही गोष्ट मी तेव्हाच नीट ध्यानात ठेवायला हवी होती.

तर 4.2. मेकॅनिकसारखे हात जोडायची पाळी आता माझ्यावर आली. उधारी मागायला मला जन्मभर लाज वाटली, आणि आता मी गिऱ्हाइकांना चांदण्या मागू लागलो. डबा परत देताना हळूच म्हणायचं, "मोबाइलवर तेवढं देऊन द्या." एका वहिनींनी विचारलं, "मंग मांगचे साठ रुपये राह्यले, ते नाई द्याचे ना?" एका पोट्ट्यानं नेटपॅक मारून मागितला. एकीनं फोन पुढे केला आणि म्हणाली, "तुमीच देऊन घ्या जी, किती पाह्यजे तेवढे." माझा हात थरथरला. नाही दिले. स्टाफ नम्र आहेच, प्रामाणिकही आहे, पण ते कोण लिहिणार?

मी आबाजींनाही सांगितलं. आबाजी माझे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. त्यांचं दळण घेणं पाहण्यासारखं असतं. पीठ डब्यात पडत असताना खाली हात धरायचा. गरम पिठाची चिमूट घ्यायची, अंगठा आणि दोन बोटांत चोळायची. डोळे मिटायचे. एक कणही बोटाला टोचला तर चक्की थांबवायला लावतात. "दगडाले टाकी लावाची झाली रे बावा," म्हणतात, आणि दगड उचलून पाहावा तर खरंच गुळगुळीत झालेला. बाकीच्यांच्या घरी भाकर थापताना फाटते तेव्हा कळतं, आबाजींना आठ दिवस आधी कळतं. काही टोचलं नाही तर ते काहीच बोलत नाहीत, डबा उचलून चालू लागतात. त्या गप्प बसण्यासाठी मी गेली वीस वर्षं दळतो आहे.

आबाजींनी नातवाचा फोन घेतला, नातवाकडून सगळं समजून घेतलं आणि त्याच संध्याकाळी चक्कीला एक स्टार दिला.

सरासरी 3.7. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. वीस वर्षं हा माणूस माझ्या पिठाची भाकर खातो, आणि मनात हे? सकाळी ते डबा घेऊन आले, नेहमीसारखे. मी दळण घेतलंच नाही.

"आबाजी, काई चुकलं का माह्यं?"

"कायचं?"

"तुमी मले एक देल्ला ना."

"हाव मंग!" आबाजींचा चेहरा खुलला. "पाह्यला का? एक नंबर देल्ला तुले!"

मला एकदम सगळं कळलं आणि पुढे काय बोलावं ते कळेना. "आबाजी, तिथं पाच म्हंजे चांगलं असते."

"कोन म्हनते?"

"कंपनी म्हनते."

"कंपनीले का समजते? माह्या नातवाचा पयला नंबर आला तं गावात पेढे वाटले आमी. पाचवा आला असता तं वाटले असते का? वर्गात पाचवा येनारा पोट्टा का हुशार असते?" मी तोंड उघडलं. त्यांनी हातानं थांबवलं. "अन् पैसेवारी कमी आली का आपन खुश होतो का नाई?"

या दोन पुराव्यांपुढे माझं काही चालेना. एवढंच म्हटलं, "पन आता जग पाहते आबाजी. थोडा बदलून देता का?"

"एकदा एक नंबर देल्ला तं मी वापस नाई घेत," आबाजी म्हणाले. माझा पडलेला चेहरा पाहून त्यांना दया आली असावी. खांद्यावर हात ठेवला. "एकट्याच्यानं होत नसन तं सांगत जा ना लेका. मी आज पारावर साऱ्यायले सांगतो."

मी नको नको म्हणेपर्यंत ते रस्त्याला लागले होते. संध्याकाळी पारावरच्या आणखी तिघांनी, आपापल्या नातवांना पकडून, मला एक नंबर दिला. एकानं तर माइकवर बोलून लिहूनही टाकलं: 'अशी चक्की पंचक्रोशीत नाही.' खाली एक स्टार. पुण्यात बसून हे वाचणाऱ्याला काय वाटलं असेल? नऊ जण, बेरीज 25, सरासरी 2.8.

पुतण्याचा फोन आला. त्याला हसू आवरत नव्हतं, पण वरवर गंभीर होता. म्हणाला, "काका, मुळात सरळ सरासरी काढणंच चूक. कोण देतंय हे धरतच नाहीत. बुद्धिबळात बघा." मग त्यानं आर्पाड एलो नावाच्या प्राध्यापकाची पद्धत सांगितली. हंगेरीत जन्मलेला, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस. जागतिक बुद्धिबळ संघटनेनं 1970 मध्ये ही पद्धत घेतली. तीत समोरचा किती भारी हे पाहतात. भारी खेळाडूला हरवलं तर जास्त गुण, कच्च्याला हरवलं तर नाममात्र, आणि कच्च्याकडून हरलात तर चांगलेच कापतात. "आपल्या नागपूरची दिव्या देशमुख 2025 मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकली ना, अंतिम फेरीत कोनेरू हंपीला हरवून? हंपी किती वरची! असं जिंकणं आणि कोणाही सोम्यागोम्याला हरवणं एकच कसं धरणार?"

हे मला एकदम पटलं. वाळलेला गहू दळणं म्हणजे कच्चा गडी, त्याचे कशाला गुण द्यायचे. पण श्रावणात ओलसर ज्वारी आली, दगडाला चिकटून बसली, मोटर रडायला लागली आणि तरी पीठ बारीक निघालं, तर ती हंपी. आणि आबाजींची दोन बोटं? त्यांना हरवलं तर मला थेट ग्रँडमास्टर करायला पाहिजे. मी पुतण्याला म्हटलं, ही पद्धत आपल्या चक्कीला लाव. तो म्हणाला, तसं करता येत नाही काका. मग शिकून काय उपयोग?

दुसऱ्या दिवशी रागानं मी स्वतःच मोबाइलवर आजूबाजूच्या चक्क्या पाहिल्या. नदीपलीकडच्या गावात एक नवी चक्की झाली आहे. आत टाइल्स, दारात कुंडी, पीठ छापील पिशवीत. तिथल्या पिठात खडा लागतो, हे मला माहीत आहे, आबाजींना तर दातानं माहीत आहे. उजवीकडची दाढ त्यांनी तिथंच गमावली. त्या चक्कीला 4.9.

आबाजी डबा घेऊन आले तेव्हा मी फोन त्यांच्यापुढे धरला. "पाहा आता. खडेवाल्याले चार पूर्णांक नऊ."

त्यांनी फोन लांब धरून नीट पाहिला. मग गालातल्या गालात हसले, मोकळी झालेली हिरडी दिसली.

"आमीच देल्ला ना," ते म्हणाले. "काल पारावर बसल्या बसल्या साऱ्यायनं मिळून पाच नंबर देल्ला त्याले. शेवटचा! चांगली जिरवली लेकाची."

आणि डबा खाली ठेवून त्यांनी पिठाच्या धारेखाली हात धरला.