माझ्या आईकडे अंगठा मागितला

सोमवारी सकाळी इथे बडोद्यात, एका डोळ्यांच्या दवाखान्यात, माझ्या आईला अंगठा लावायला सांगितलं. ३१ वर्षं मराठी शाळेत पहिलीच्या पोरांचा हात हातात धरून ग, म, भ, न गिरवून घेतलेल्या बाईला अंगठा! आणि वर मलाच ऐकवलं की इंग्रजी साऱ्या जगाची अधिकृत भाषाच करायला हवी. आज गुरुवार आहे आणि माझं डोकं अजून ठणकतंय.

मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, उजव्या डोळ्याचं. डॉक्टर चांगले, हात हलका, त्यांच्याबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही. पण काउंटरवर संमतीपत्र म्हणून चार पानं पुढे सरकवली. चारही इंग्रजी, मुंगीएवढी अक्षरं, आणि सही करायच्या जागी पेन्सिलीने मारलेल्या तीन फुल्या. आईने विचारलं, "यात काय लिहिलंय?" न वाचता तिने आयुष्यात कशावर सही केलेली नाही. काउंटरवरचा पोरगा मान वर न करता गुजरातीत म्हणाला, "बा, बधा सही करे ज छे." म्हणजे, सगळे सही करतातच.

मग मी वाचायला घेतलं. माझं बी.कॉम. इथलंच, तेही इंग्रजीतून, आणि नंतर २६ वर्षं नोकरीत इंग्रजी पत्रंच लिहितोय. दुसऱ्या पानावर 'पोस्टिरिअर कॅप्सूल रप्चर' आलं आणि मी अडकलो. मागे दहा-बारा माणसं रांगेत, आई माझ्या तोंडाकडे बघतेय. "डोळ्यातलं काहीतरी फाटू शकतं म्हणे," एवढंच मला जमलं. 'मला सगळे धोके समजले' असं ज्या कागदावर ती लिहून देणार होती, त्यातला सगळ्यात मोठा धोका तिच्या शिकलेल्या मुलालाही धड सांगता आला नाही. याला संमती म्हणतात?

तरी तिने सही केली. तिची सही म्हणजे पूर्ण नाव, देवनागरीत. आधी सगळी अक्षरं, मग शेवटी डावीकडून उजवीकडे एका ओढीत शिरोरेषा, फळ्यावर ओढायची तशी. पेन्शनच्या खात्यावर हीच सही इतकी वर्षं चालते. पोराने कागद बघितला आणि परत ढकलला. "इंग्लिशमां करो, नहीं तो अंगूठो." आणि निळ्या शाईचं पॅड पुढे केलं. मी आवाज चढवला तर मलाच समजावतो, "अंकल, हवे तो आखी दुनियामां इंग्लिश ज चाले. ऑफिशियल ज करी देवुं जोईए!"

हे वाक्य मी काही पहिल्यांदा ऐकलं नाही. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी ऐकवतात. पुण्याचा चुलतभाऊ दर दिवाळीला ऐकवतो, तेही आईसमोर: एकदाची इंग्रजी जगाची अधिकृत भाषा करून टाका, सगळी कटकट मिटेल. अरे, कोणाची कटकट मिटेल? ज्याला येते त्याची! ज्याला येत नाही त्याची तर तिथूनच सुरू होते. इंग्रजी शिकण्याला माझा विरोध नाही, तिच्यावरच माझं घर चाललंय. पण भाषा अधिकृत झाली की समजून घेण्याची जबाबदारी कोणावर, हे बदलतं. आज आईला समजेल असा कागद देणं दवाखान्याचं काम आहे, असं मी निदान भांडून सांगू शकतो. उद्या तो पोरगा नियमावर बोट ठेवेल आणि कागद न समजणं हा आईचा दोष ठरेल.

लगेच विमानाचा दाखला देतात. वैमानिक आणि कंट्रोल टॉवर जगभर इंग्रजीत बोलतात ना? बोलू देत. त्यांना त्याचं शिक्षण मिळतं, परीक्षा होते, पगार मिळतो. पण दवाखान्यात उपाशीपोटी बसलेल्या ७४ वर्षांच्या बाईला तोच नियम का लावता? जगात इंग्रजी येणारे, मोडकंतोडकं धरूनही, साधारण दीडशे कोटी. माणसं आठशे कोटी. म्हणजे पाचातल्या चौघांनी फुली बघून सही करायची. आपल्या देशात २०११ च्या जनगणनेत इंग्रजी ही मातृभाषा सांगणारे तीन लाखही नव्हते, आणि मराठी सांगणारे आठ कोटींच्या वर.

ज्यांची ही भाषा, त्यांनी तरी हे केलंय का? इंग्लंडमध्ये इंग्रजीला राजभाषा ठरवणारा कायदा नाही. शेजारच्या वेल्समध्ये २०११ साली कायद्याने अधिकृत दर्जा दिला तो वेल्शला. अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवर इंग्रजी अधिकृत झाली ती मार्च २०२५ मध्ये, राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने. त्याआधी जवळजवळ अडीचशे वर्षं तो देश तिच्यावाचून अडला नाही. संयुक्त राष्ट्रांतसुद्धा सहा भाषा आहेत, सहावी अरबी १९७३ साली घेतली. आणि आम्ही बडोद्यात बसून साऱ्या जगाला एक भाषा द्यायला निघालो!

बडोद्यात! हेच तर मला सहन होत नाही. १८७५ साली बारा वर्षांचा मुलगा, पुढचे महाराज सयाजीराव गायकवाड, नाशिककडच्या कवळाणे गावाहून इथे गादीवर आला तेव्हा त्याला अक्षरओळखही नव्हती. तो मराठी शिकला, इंग्रजी शिकला आणि रयत गुजराती बोलते म्हणून गुजरातीही शिकला. राजा असून रयतेची भाषा शिकणं त्याने आपलं काम मानलं. १९३१ साली सयाजीरावांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश काढला, आठ भाषांत. इंग्रजी त्यात होती, पण आठातली एक. अंगठे जावेत म्हणून ज्या राजाने १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्याच्या शहरात शिकलेल्या बाईपुढे शाईचं पॅड सरकवता?

मामांची पण आठवण आली आणि ती काही जात नाही. जमिनीचा दावा १९ वर्षं लढले. हायकोर्टाचा निकाल आला, ३८ पानं, सगळा इंग्रजीत, कारण घटनेच्या कलम ३४८ प्रमाणे तिथली भाषाच ती. मामा ती पानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आले आणि म्हणाले, "मी जिंकलो का हरलो, तेवढं वाच." स्वतःच्या आयुष्याचा निकाल भाच्याकडून वाचून घ्यावा लागला. हरले होते. का हरले, हे मला त्यांना नीट सांगता आलं नाही, आणि ते विचारत राहिले.

सोमवारी मी काउंटरवर ओरडतच होतो, "डॉक्टरांना बोलवा, लेखी नियम दाखवा," आणि मागे वळलो तर आईने कागद ओढून घेतला होता. तिला साखर आहे, रात्रीपासून पोटात काही नव्हतं, रांगेतली माणसं चुळबुळ करायला लागली होती. तिने तीनही फुल्यांवर इंग्रजीत सह्या केल्या. सुटी सुटी, थरथरती अक्षरं, पहिलीतल्या पोराने काढावीत तशी. माझ्या आईचं अक्षर असं मी कधी पाहिलं नव्हतं.

डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यातली आहे. त्या चार पानांचा फोटो मी काढून आणलाय आणि तीन रात्री बसून ती मराठीत लिहून काढतोय. काल डॉक्टरांना फोन करून 'पोस्टिरिअर कॅप्सूल रप्चर' म्हणजे नेमकं काय ते विचारलं, त्यांनी बिचाऱ्यांनी दोन मिनिटांत सांगितलं. मी लिहिलं: भिंगामागचं पातळ आवरण शस्त्रक्रियेत फाटू शकतं. सहा शब्द. आईला वाचून दाखवले, तिला एका दमात कळले. म्हणाली, "एवढंच होतं? मग छापलं का नाही?"