पायाला भिंगरी

"तुमचा मुलगा एका जागी बसत नाही." पालकसभेत हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की पुढचंही पाठ झालं. "घरी जरा शिस्त लावा."

लावली की! मोबाईल काढून घेतला, भिंतीकडे तोंड करून उभा केला. एकदा हातही उगारला. तो हात त्याला आठवतो का, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

आम्ही श्रीवर्धनजवळचे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर आलं, तेव्हा धाकटा चार वर्षांचा होता. दुपारभर आम्ही सगळे माजघरात एकमेकांना धरून बसलो होतो. डोक्यावरची कौलं एकेक करून उडत होती आणि मागच्या वाडीत सुपारीची झाडं मोडल्याचे आवाज येत होते. संध्याकाळी दार उघडलं तर वाडीच्या जागी नुसतं आभाळ. मग कित्येक दिवस वीज नाही, त्यात कोरोना. पंचनामे, पत्रे, ताडपत्री यात आम्ही मोठी माणसं इतकी गुंतलो की पोरगं गप्प आहे म्हणजे ठीक आहे असं धरून चाललो.

शाळेत जायला लागल्यावर तक्रारी सुरू झाल्या. वर्गातून उठून पळतो, बाकावर चढतो, शेजारच्याला ढकलतो. नात्यातल्या एकीने साखर बंद करायला सांगितलं. (साखरेने मुलं चेकाळतात हे कितीतरी वर्षांपूर्वी तपासून झालंय. कोणाला साखर दिली हे आईबापांना कळू न देता प्रयोग केले, तर फरक दिसला नाही. तरी प्रत्येक वाढदिवसाला मी हे ऐकतेच.) सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या-मिरच्यांनी दृष्ट काढली. मी तेव्हा तोंड वाकडं केलं होतं. आज वाटतं, त्या दहा मिनिटांत त्याच्यावर न ओरडता, त्याच्याकडेच बघत, त्याच्यासाठी काहीतरी करणारं घरात तेवढं एकच माणूस होतं.

शेवटी पनवेलला मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. मला वाटलं होतं, दहा मिनिटांत एडीएचडीचा, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा या विकाराचा, शिक्का बसेल आणि गोळ्या लिहून मिळतील. त्यांनी महिनाभराचा गृहपाठ दिला, तोही मला. दंगा कधी झाला, कुठे झाला, त्याच्या आधी काय घडलं, आदल्या रात्री झोप किती झाली, हे रोज लिहायचं. एडीएचडी म्हणायचं तर लक्षणं बारा वर्षांच्या आतली लागतात, निदान सहा महिने टिकलेली लागतात आणि घर-शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. शिवाय अपुरी झोप, कमी ऐकू येणं किंवा भीती यांमुळेही मूल तसंच वागू शकतं, म्हणून तेही बघावं लागतं.

वही मी कालनिर्णयशेजारी टांगली. तिसऱ्या आठवड्यात मागची पानं चाळताना अंगावर काटा आला. दंग्याचा जवळजवळ प्रत्येक दिवस वाऱ्याचा होता. त्याच्या वर्गावर पत्रे आहेत. वारा सुटला की पत्रे खडखडतात आणि हा पळत सुटतो. भ्यालेल्या मोठ्या माणसाच्या घशाला कोरड पडते, पोराच्या पायाला भिंगरी लागते. आम्ही ती भिंगरी धरून बांधायला निघालो होतो.

आता माझं मत, पटलं तर बघा. "शांत बस" हे जगातलं सगळ्यात निकामी वाक्य आहे. घाबरलेल्या मुलाचं शरीर पळायच्या तयारीत असतं, छाती धडधडत असते. त्या क्षणी उपदेश त्याच्या डोक्यात शिरतच नाही. आधी शरीर खाली यावं लागतं, आणि ते शेजारच्या मोठ्या माणसाचं बघून येतं. मी ओरडत असताना तो कुणाचं बघून शांत होणार होता?

श्वासाचं म्हणाल तर डॉक्टरांनी सांगितलं, उच्छ्वास लांबवा, त्याने छातीची धडधड उतरते. मी योगासारखं शिकवायला गेले तर आमचे धाकटे साहेब हसत सुटले. जमवलं ते अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. "पेज गरम आहे, हळू फुंक. सांडायची नाही हां." वाटी समोर नसली तरी चालतं, हाताची ओंजळ केली की झालं. शाळेतही तो ओंजळ फुंकतो. पोरं हसतात, हसू देत.

दुसरी युक्तीही अण्णांचीच. भित्र्या मुलाला पुढे काय होणार हे कळलं की निम्मं ओझं उतरतं. त्यांनी त्याला भरतीचं गणित शिकवलं: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. समुद्र वेळापत्रक पाळतो हे कळल्यावर पोरगं जे काही खुललं! रोज सकाळी तिथी बघून वेळ दारामागे खडूने लिहितो. ओहोटीला आम्ही तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचायला जातो. वाळूत उकिडवं बसून तासभर एकाच जागी. हो, तोच मुलगा.

एक चूक मात्र आवर्जून सांगते. वारा आला की आम्ही धावत जाऊन सगळ्या खिडक्या लावायचो आणि "काही होणार नाही" असं दहादा म्हणायचो. त्यातून त्याला एवढंच कळायचं की बाहेर खरंच काहीतरी आहे. मग सवय उलटी करायला घेतली. पहिल्या दिवशी पडवीत दहा आकडे मोजेपर्यंत उभं राहायचं, पुढच्या आठवड्यात वीस. सगळं एका महिन्यात झालेलं नाही, एक अख्खा पावसाळा गेला.

माझ्या मुलाला गोळ्या लागल्या नाहीत, यात माझी काही फुशारकी नाही. ज्याला खरोखर एडीएचडी आहे त्याला औषधाने वर्गात बसता येत असेल तर "पोराला झोपवायच्या गोळ्या देतात" असं त्याच्या आईला सुनावू नका. पनवेल परवडत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, म्हणजे मुलांची आरोग्य तपासणी करणारं सरकारी, पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येतं, त्यांच्यासमोर विषय काढा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो. मी एकदा दीड वाजता लावला होता, माझ्यासाठी.

परवा षष्ठी होती. दुपारी वारा सुटला, माड घुमायला लागले. धाकटा खिडकीशी गेला, थांबला.

"अण्णा, साडेचारला भरती आहे ना?"

"आहे."

"मग खिडकी लावू?"

"एक लाव."

त्याने एक लावली आणि परत येऊन पेज फुंकायला बसला. पेज तोवर गार झाली होती.