इपॉक्सीत जास्त हार्डनर घालण्याबाबत खुलासा

किटमधून लाकडी होडी बांधताना थंडीत इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव मिसळून होणारा, घट्ट बनणारा गोंद) लवकर घट्ट व्हावे म्हणून हार्डनर थोडा जास्त घालावा, असा सल्ला सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. हा समज बहुधा पॉलिएस्टर या वेगळ्या प्रकारच्या रेझिनवरून आला असावा, कारण तिथे घट्ट करणाऱ्या द्रव्याचे प्रमाण काही मर्यादेत कमीजास्त करता येते. इपॉक्सीत मात्र हार्डनर स्वतः रेझिनशी जोडला जातो, त्यामुळे प्रमाणाबाहेर घातलेला हार्डनर जोडीदाराविना तसाच उरतो आणि प्लायवुडचा सांधा नखाने दाबला तरी खळगा पडेल इतका मऊ राहू शकतो. असा सांधा खरवडून काढण्याखेरीज इलाज नसतो, आणि ते काम फार जिवावर येते. थंडीत जलद प्रकारचा हार्डनर डब्यावरील प्रमाणातच वापरावा आणि खोली व लाकूड आधी उबदार करून घ्यावे.